क्लोरोडाइनची बाटली: गुपित ठेवलेल्या एका घरगुती औषधाचे प्रकरण

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आणि इंग्रजांच्या वसाहतींत घरोघरी ठेवल्या जाणाऱ्या औषधांत क्लोरोडाइनचे नाव फार वरचे होते. जुलाब, खोकला, पोटातली कळ, झोप न येणे, अशा कशावरही त्याचे थेंब पाण्यात घालून घेत. हे औषध कसे जन्मले, ते बाजारात कोणत्या रूपात गेले आणि ते वेळीच आवरण्याच्या संधी कशा हुकल्या, हे या प्रकरणात मांडले आहे. औषध बनवणारे, विकणारे आणि त्यावरून कोर्टात भांडणारे लोक सार्वजनिक नोंदीतले आहेत, म्हणून त्यांची नावे दिली आहेत. ज्यांनी ते घेतले, ज्यांना त्याची सवय जडली, त्यांच्या बाबतीत फक्त काय घडत होते तेवढेच सांगितले आहे.

पार्श्वभूमी

१८४८ साली जॉन कॉलिस ब्राउन हा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर ब्रिटिश फौजेबरोबर हिंदुस्थानात होता. फौजेला लढाईइतकीच धास्ती पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, असे. सकाळी कवायतीला उभा राहिलेला शिपाई संध्याकाळी गेलेला असायचा. आपल्याकडे तर पटकीची दहशत पिढ्यान्‌पिढ्या मनात बसलेली. यात्रांमधून ती गावोगाव पसरे, पंढरपूरची वारीही त्याला अपवाद नव्हती. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. डॉक्टरांजवळही फारसे काही नव्हते. पाऱ्याचे कॅलोमेल देत, रक्त काढत, ब्रँडी पाजत, अफू देत.

ब्राउनने एक मिश्रण तयार केले. त्यात मुख्यतः तीन गोष्टी होत्या: अफूचा मद्यार्कातला अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. आज ही नावे एकत्र वाचली की अंगावर काटा येतो, पण त्या काळच्या वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर हा विचार केलेला मेळ होता.

अफू आतड्यांची हालचाल मंदावते, जुलाब आवरतात, कळ थांबते. हे हजारो वर्षांपासून माहीत होते. क्लोरोफॉर्म अगदी नवे होते. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सनने १८४७ मध्ये माणसाला बेशुद्ध करण्यासाठी ते वापरून दाखवले, त्याला जेमतेम एक वर्ष झाले होते. गांजाचा मार्ग कलकत्त्यातून गेला होता. तिथल्या मेडिकल कॉलेजातला विल्यम ओशॉनेसी याने १८३९ मध्ये गांजावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. धनुर्वात, संधिवात, लहान मुलांच्या आकड्या आणि पटकी या सगळ्यांत त्याने गांजा वापरून पाहिला होता. त्यानंतर विलायतेतले औषधविक्रेतेही गांजाचा अर्क ठेवू लागले.

या ओशॉनेसीपाशी थोडे थांबावेसे वाटते. गांजाकडे वळण्याआधी, १८३१ च्या सुमारास, इंग्लंडात सुंदरलंडला पटकी आली तेव्हा बाविशीतल्या या माणसाने रोग्यांचे रक्त तपासले. त्या रक्तातले पाणी आणि क्षार निघून गेलेले आहेत, ते परत द्यायला हवेत, असे त्याने लिहिले. पुढच्याच वर्षी लीथच्या टॉमस लॅटा या डॉक्टरने शिरेतून क्षारांचे पाणी देऊन मरणाच्या दारातले काही रोगी उठवून बसवले. म्हणजे पटकीवर नेमके काय द्यावे याचे उत्तर ब्राउनच्या मिश्रणाच्या सोळा वर्षे आधी छापून आले होते. पण निर्जंतुक सुई नाही, शुद्ध पाणी नाही, क्षारांचे प्रमाण ठरलेले नाही, त्यामुळे ते उत्तर मागे पडले. वैद्यकाने ओशॉनेसीचा गांजा उचलला आणि त्याचे मीठपाणी विसरले.

अडचण

पटकीचा रोगी मरतो तो अंगातले पाणी संपल्याने. क्लोरोडाइन ते पाणी भरून काढत नव्हते. वेदना कमी होत, पेटके सैल पडत, गुंगी येत असे. बाहेर जाणारे पाणी थोडे कमी झाल्यासारखे दिसे, पण ते आतड्यात साचतच राही. रोगी शांत पडला की घरच्यांना उतार पडल्यासारखे वाटे.

यात आणखी एक फसवा भाग होता. उपचार न मिळालेल्या तीव्र पटकीत साधारण निम्मे रोगी दगावतात आणि निम्मे वाचतात. म्हणजे कोणतेही औषध द्या, निम्मे रोगी बरे होणारच. जे वाचले ते औषधाचे गुण गाणार, जे गेले ते तक्रार करायला उरणार नाहीत. १८५४ मध्ये ब्राउन रजेवर विलायतेत होता. डरहॅम परगण्यातल्या ट्रिमडन गावात पटकी आली आणि त्याने आपले मिश्रण तिथे वापरले. त्यातून त्याचे नाव झाले. त्याच साली लंडनमध्ये जॉन स्नो ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती मृत्यूंचा नकाशा मांडत होता आणि पटकी पाण्यातून पसरते हे दाखवत होता. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टींपैकी घरोघरी पोचली ती बाटली.

ब्राउनने लोकांना फसवण्यासाठी हे केले, असे मला वाटत नाही. दुखणे कमी होताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. फौजेच्या छावणीत स्वतः मात्रा मोजून, रोग्याच्या उशाशी बसून देण्याचे हे औषध होते, आणि त्या जागी ते काही अगदीच वाईट नव्हते. खरी अडचण पुढे आली. हे मिश्रण डॉक्टरच्या हातातून निघून कपाटात जाणार होते. त्यात काय आहे, किती आहे आणि कधी थांबायचे, हे घेणाऱ्याला कोण सांगणार?

समोर असलेले पर्याय

१८५६ मध्ये ब्राउनने फौजेची नोकरी सोडली. आता या मिश्रणाचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्यासमोर होता. त्याच्यापुढे खऱ्या अर्थाने तीन वाटा होत्या.

पहिली वाट, कृती छापून टाकायची. सिम्प्सनने क्लोरोफॉर्मच्या बाबतीत हेच केले होते, शोध लागल्याबरोबर पत्रक काढून सगळ्यांना सांगितले. त्यात पैसा नव्हता, पण कीर्ती होती, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी चुका दाखवून मात्रा सुधारली असती. डॉक्टरने औषध गुपित ठेवणे हे त्या काळीही वैद्यकाच्या पेशात कमीपणाचे मानले जाई.

दुसरी वाट, रीतसर पेटंट घ्यायचे. १८५२ च्या कायद्याने विलायतेत पेटंट घेणे पूर्वीपेक्षा सोपे आणि स्वस्त झाले होते. चौदा वर्षे विक्रीचा हक्क आपला, पण बदल्यात कृती लिहून सरकारदरबारी ठेवावी लागे. मुदत संपली की ती सगळ्यांची. म्हणजे १८५६ मध्ये पेटंट घेतले असते तर १८७० मध्ये क्लोरोडाइन कुणालाही बनवता आले असते, आणि त्यात काय आहे हे तर पहिल्या दिवसापासून कळले असते.

तिसरी वाट, कृती गुपित ठेवायची, औषधाला आपले नाव द्यायचे आणि विकायचे. अशा औषधांना लोक ‘पेटंट औषधे’च म्हणत, जरी त्यांतल्या बहुतेकांना पेटंट नव्हते. त्यासाठी फक्त एक अट होती: प्रत्येक बाटलीवर सरकारी स्टँप लावून कर भरायचा.

ही तिसरी वाट सर्वांत किफायतशीर होती. मुदतीचे बंधन नाही, कृती उघड करायची नाही आणि वर सरकारचा शिक्का. हा शिक्का कर भरल्याचा होता. पण दुकानात बाटली हातात घेणाऱ्याला तो सरकारने पारखून दिल्यासारखा दिसे. जाहिरातीही याच समजुतीला धरून लिहिल्या जात: सरकारी स्टँपवर डॉ. जे. कॉलिस ब्राउन यांचे क्लोरोडाइन हे शब्द असल्याशिवाय औषध अस्सल समजू नये.

काय केले गेले

ब्राउनने तिसरी वाट धरली. लंडनच्या ग्रेट रसेल स्ट्रीटवरचे औषधविक्रेते जे. टी. डेव्हनपोर्ट यांना त्याने बनवण्याचे आणि विकण्याचे हक्क दिले. बाटल्या चार आकारांत निघाल्या. किमती होत्या (बारा पेनी म्हणजे एक शिलिंग) एक शिलिंग दीड पेनी, दोन शिलिंग नऊ पेनी, चार शिलिंग सहा पेनी आणि अकरा शिलिंग. या विचित्र आकड्यांमागे कराचे कोष्टक आहे. शिलिंगभर किमतीच्या औषधाला दीड पेनी स्टँप, अडीच शिलिंगच्या औषधाला तीन पेनी, चार शिलिंगला सहा पेनी आणि दहा शिलिंगला एक शिलिंग. किंमत अधिक कर, एवढेच ते गणित. म्हणजे प्रत्येक बाटलीमागे मूळ किमतीच्या दहाव्या ते आठव्या हिश्शाइतकी रक्कम तिजोरीत जात होती. पुढे सरकारने या औषधांकडे जे डोळे मिटून घेतले, त्याचा विचार करताना हे आकडे लक्षात ठेवले पाहिजेत.

जाहिरातींत रोगांची यादी वाढत गेली. खोकला, क्षय, दमा, घटसर्प, ताप, हिवताप. जुलाबावर जादूसारखे काम करते. पटकी आणि आव यांवर एकमेव अचूक औषध. फेफरे, उन्माद, छातीतली धडधड लगेच थांबवते. मज्जातंतूंचे दुखणे, संधिवात, कर्करोग, दातदुखी यांत आराम देते. बाटलीबरोबर डॉक्टरांच्या शिफारशींचे छापील पत्रक असे. यादीतल्या कितीतरी दुखण्यांत अफूने वेदना किंवा खोकला कमी होतोच, त्यामुळे घेणाऱ्याला प्रचिती येई. क्षयाचा खोकला थांबला, क्षय मात्र वाढत राहिला.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांच्या घरी, छावण्यांत आणि प्रवासी पेट्यांत ही बाटली असायचीच. ज्या देशातल्या पटकीसाठी औषध जन्मले, तिथेच ते लंडनचा शिक्का लावून परत आले.

निर्णयाची पहिली जागा: १८६४ चा खटला

औषध चालले तशा नकला निघाल्या. रसायनज्ञ आपापल्या अंदाजाने कृती मांडू लागले. कुणी मॉर्फीन (अफूतले मुख्य द्रव्य) घालत, कुणी प्रुसिक आम्ल हे जहाल विष, कुणी मिरची, पेपरमिंटचे तेल आणि काकवी. फ्रीमन नावाच्या औषधविक्रेत्याने क्लोरोडाइन आपण शोधल्याचा दावा केला आणि प्रकरण कोर्टात गेले.

जुलै १८६४ मध्ये चान्सरी कोर्टाचे न्यायाधीश (व्हाइस-चान्सलर) सर विल्यम पेज वुड यांनी भर कोर्टात म्हटले की, डॉ. ब्राउन हेच निःसंशय क्लोरोडाइनचे जनक आहेत, फ्रीमन यांची सगळी हकीकत खोटी आहे, आणि ती शपथेवर सांगितली गेली याचा खेद वाटतो. ब्राउनच्या जाहिरातींत हे वाक्य पुढे वर्षानुवर्षे छापले गेले. फ्रीमनचे क्लोरोडाइन तरीही बाजारात राहिलेच.

मला ही या प्रकरणातली सर्वांत बोलकी जागा वाटते. एका औषधावर कोर्टात साक्षीपुरावे झाले आणि निकाल लागला तो कोण खरा संशोधक यावर. घेणाऱ्याला बाटलीत काय मिळते हा मुद्दा कुणाच्याच दाव्यात नव्हता. वादी गुपित राखत होता, प्रतिवादी त्याच नावावर पोट भरत होता, आणि न्यायाधीशाला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यायचे होते. निकालाचा परिणाम मात्र उलटा झाला. न्यायाधीशाने ‘जनक’ म्हटले म्हणजे औषध चांगले, असा अर्थ लोकांनी घेतला. अस्सल आणि नक्कल या भांडणात लोकांचे लक्ष इतके गुंतले की अस्सल बाटलीतसुद्धा अफू आहे, ही गोष्ट मागे पडली.

निर्णयाची दुसरी जागा: १८६८ चा कायदा

१८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने औषधविक्रीचा कायदा केला. विषारी द्रव्यांची यादी ठरली. ती फक्त नोंदलेल्या औषधविक्रेत्यांनी, बाटलीवर विषाची चिठ्ठी (लेबल) लावून विकायची. अफू आणि क्लोरोफॉर्म दोन्ही त्या यादीत होते. याच कायद्यात एक सूट मात्र ठेवली होती: पेटंट औषधांना ही बंधने लागू नाहीत.

म्हणजे गल्लीतल्या केमिस्टने अफूचा साधा अर्क विकला तर चिठ्ठी लावायची, आणि तीच अफू क्लोरोडाइनच्या बाटलीतून गेली तर काही नाही. किराणा दुकानदारही ती विकू शके. त्या बाटल्यांवरच्या स्टँपचे उत्पन्न चालूच राहिले.

दरम्यान घरांत काय घडत होते? इथे औषधाचे काम नीट समजून घेतले पाहिजे, कारण सवय लागण्याची रीत फार फसवी आहे. अफूचे शरीराला लवकर वळण पडते. दहा थेंबांनी जो आराम मिळे त्याला काही आठवड्यांनी वीस थेंब लागतात. औषध थांबवले की अंग दुखते, घाम येतो, झोप उडते, पोटात मुरडा येतो आणि जुलाब होतात. जुलाबावर म्हणून घेतलेले औषध बंद करताच जुलाब होणार, मग रोगी काय समजणार? दुखणे उलटले असेच समजणार आणि पुन्हा बाटली उघडणार. पुन्हा आराम. या वर्तुळातल्या माणसाला आपण व्यसनी आहोत असे वाटण्याचे कारणच नव्हते. तो तर डॉक्टरांनी वाखाणलेले, सरकारी शिक्क्याचे औषध घेत होता. १८७० नंतर वैद्यकीय नियतकालिकांत क्लोरोडाइनच्या सवयीची वर्णने येऊ लागली. रोज बाटलीच्या बाटली रिचवणारे लोक होते. जास्त मात्रेने श्वास मंद होऊन झालेल्या मृत्यूंच्या चौकशा वर्तमानपत्रांत छापून येत.

क्लोरोफॉर्मची वेगळी भर होती. ते पाण्यापेक्षा जड असते आणि पाण्यात नीट विरघळत नाही. घट्ट पाकात धरून ठेवलेले मिश्रण बरेच दिवस उभे राहिले की थर वेगळे होण्याची भीती असे. बाटली हलवायची राहिली तर वरचे थेंब आणि तळाचे थेंब सारखे कसे असणार? गांजाच्या अर्काचे तर प्रत्येक वेळचे बळ वेगळे, हे औषधविक्रेते जाणून होते.

लहान मुलांची गोष्ट लिहिताना मन जड होते. इंग्लंडच्या गिरणीगावांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूचे पाक पाजून झोपवत. गॉडफ्रेज कॉर्डियल हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध. झोपलेले मूल रडत नाही, पण दूधही पीत नाही, आणि हळूहळू वाळत जाते. मुंबईच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर इथल्या चाळींतही तेच झाले. गिरणीत पाळीवर जाणाऱ्या बायका बाळाला अफूची बाळगोळी देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणी कामगार बायकांच्या पाहणीत ही प्रथा सर्रास आढळली. त्या आयांना दोष देणारे लेखन दोन्हीकडे भरपूर झाले. दिवसभर मूल कुणाजवळ ठेवायचे, याचे उत्तर त्यांना कुणी दिले नव्हते.

निर्णयाची तिसरी जागा: उघड कृती आणि १८९२

१८८५ मध्ये ब्रिटनच्या अधिकृत औषधकोशात क्लोरोफॉर्म आणि मॉर्फीनचे एक मिश्रण आले. क्लोरोडाइनला उघड कृतीचा पर्याय म्हणून ते घेतले होते. आता डॉक्टरला नेमक्या प्रमाणाचे औषध लिहून देता येत होते. कल्पना चांगली, पण उशीर झाला होता. दुकानात येणारा माणूस डॉक्टरकडे जाऊन आलेला नसे. तो ब्राउनचेच क्लोरोडाइन मागे, आणि बाटली, रंग, चव ओळखून घेई.

ब्राउन १८८४ मध्ये वारला. त्याच वर्षी रॉबर्ट कॉख कलकत्त्यात पटकीच्या जंतूचा माग काढत होता.

वैद्यकीय संघटना आणि नियतकालिकांचा दबाव वाढत गेला आणि अखेर सरकारनेच डेव्हनपोर्ट यांच्यावर खटला भरला. १८९२ मध्ये ठरले की १८६८ ची सूट खऱ्या, सनदी पेटंट घेतलेल्या औषधांपुरती आहे. नुसता स्टँप लावलेल्या गुपित औषधांना ती नाही. क्लोरोडाइनवर विषाची चिठ्ठी लागली आणि किराणा दुकानांतून ते बाहेर गेले.

या निकालासाठी नवा कायदा करावा लागला नाही. १८६८ चेच शब्द वाचले गेले, फक्त चोवीस वर्षांनी. ब्राउनने १८५६ मध्ये पेटंट टाळून जी पळवाट साधली होती, तीच शेवटी त्याच्या औषधाच्या आड आली.

परिणाम

विषाच्या चिठ्ठीने औषध बंद झाले नाही. ते केमिस्टकडून विकले जात राहिले. विसाव्या शतकात त्यातून गांजा वगळला गेला, अफूचे प्रमाण उतरत गेले. १९२० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अफू, मॉर्फीनवर कडक बंधने आली. बाटलीत काय आहे हे चिठ्ठीवर छापण्याची सक्ती मात्र तिथे १९४१ मध्ये झाली, आणि त्याच वर्षी जुना स्टँप करही गेला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे मला अर्थपूर्ण वाटते. कर होता तोवर गुपिताला किंमत होती.

अमेरिकेत हे पस्तीस वर्षे आधी झाले. १९०६ च्या कायद्याने अकरा-एक द्रव्यांची नावे आणि प्रमाण चिठ्ठीवर लिहिणे भाग पडले. अफू, मॉर्फीन, गांजा, क्लोरोफॉर्म आणि मद्यार्क, क्लोरोडाइनचे सगळे गडी त्या यादीत होते. तिथला मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप हा दात येणाऱ्या मुलांना पाजला जाणारा पाक १८४९ पासून विकला जात होता. त्यात मॉर्फीन आहे हे छापावे लागल्यावर काही वर्षांत त्यातून मॉर्फीन काढूनच टाकले गेले. कायद्याने मॉर्फीनवर बंदी घातली नव्हती. नुसते नाव लिहायला लावले होते.

पटकीचे उत्तर शेवटी मीठ, साखर आणि पाण्यातूनच आले. साखरेबरोबर आतडे क्षार आणि पाणी ओढून घेते, हे १९६० च्या दशकात नीट उमगले. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हे पाणी वाटले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांवर आले.

काय वेगळे करता आले असते

ब्राउनला १८४८ मध्ये जलसंजीवनी सुचायला हवी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोंडावाटे दिलेले क्षार आतडे कसे शोषते, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या हातात जे होते तेवढ्याचाच विचार करू.

१८५६ मध्ये पेटंट घेणे त्याला शक्य होते. पैसेही मिळाले असते, चौदा वर्षे पुरतील इतके. कृती उघड राहिली असती तर १८६४ चा खटला उभाच राहिला नसता आणि १८८५ चे प्रमाणित मिश्रण पंधरा वर्षे आधी आले असते. विरोधी बाजूने एक मुद्दा मांडता येतो: उघड कृतीमुळे नकला अधिक निघाल्या असत्या, आणि त्याही अफूच्याच. ते खरे आहे. पण त्या नकलांचे प्रमाण तरी सारखे राहिले असते. अंदाजाने बनवलेल्या दहा प्रकारच्या क्लोरोडाइनपेक्षा माहीत असलेले एक बरे.

दुसरी गोष्ट डेव्हनपोर्टच्या हातात होती. पटकीवरचा ‘एकमेव अचूक औषध’ हा दावा गाळून ‘कळ आणि पेटके कमी करते’ एवढेच लिहिले असते, तर विक्री कमी झाली असती, पण संपली नसती. रोग्याला पाणी पाजत राहा, ही एक ओळ त्या काळच्या डॉक्टरांच्या मतांच्या गोंधळातही लिहिता आली असती. भारतात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने ठरावीक रोगांवर रामबाण इलाजाचे दावे करायला मनाई केली. औषध विकावे, पण त्याच्या नावावर काय बोलावे याला सीमा असावी, हा विचार त्यामागे आहे. तो कायदा पाळला किती जातो, हा वेगळा आणि कष्टदायक विषय.

पार्लमेंटची चूक मला सर्वांत मोठी वाटते. ब्राउन हा एक माणूस होता, त्याला घर चालवायचे होते. १८६८ मध्ये मात्र द्रव्यांची यादी समोर होती, अफू आणि क्लोरोफॉर्म विष म्हणून नोंदले होते, आणि त्याच कागदावर सूट लिहिली गेली. ‘पेटंट’ म्हणजे नेमके कोणते, एवढे जरी त्या कलमात स्पष्ट केले असते तरी १८९२ चा निकाल त्याच दिवशी लागला असता.

राहता राहिले ते बाटलीबरोबरचे छापील पत्रक. वाचायला येणाऱ्या प्रत्येक घरात ते जात होते. त्यावर अफूचे प्रमाण, मुलांना देऊ नये ही ताकीद आणि किती दिवसांनी थांबावे ही सूचना, तीन-चार ओळींत मावली असती. ती जागा शिफारसपत्रांनी आणि नकलांपासून सावध राहण्याच्या इशाऱ्यांनी भरली होती.